गाळ्याचा दर, गोदामाची उंची

मुंबई-नाशिक महामार्गावर माणकोली ते वडपे या पट्ट्यात गोदामांची रांग संपता संपत नाही. मुंबईत जकात होती तेव्हा तिच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवायला भिवंडी सोयीची पडली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं तिथंच राहिली. ऑनलाइन विक्रीच्या कंपन्यांनी त्यांत भरच घातली. ही जागा भाड्याने घेणारा माणूस आता पुष्कळदा चेन्नईत नाहीतर गुरुग्रामात बसलेला असतो. भिवंडीतला एकही रस्ता त्याला ठाऊक नसतो. जागेची आणि त्याची पहिली गाठ मोबाइलवर पडते. तिथे हवी ती माहिती मिळाली नाही, तर तो सरळ पुढच्या एजंटकडे वळतो.

असं असूनही दुकानं, ऑफिसं आणि गोदामांचे व्यवहार करणाऱ्या कितीतरी फर्मच्या वेबसाइट उघडल्या, की आधी दिसतात परदेशी शहरांतले काचेचे टॉवर आणि हात मिळवणारी सुटाबुटातली माणसं. जागेचा पत्ता धूसर, भाडं ‘फोनवर विचारा’, फोटो एकच आणि तोही बंद शटरचा. घर घेणाऱ्याला स्वप्न दाखवून भागतं. धंद्यासाठी जागा घेणारा कागद-पेन्सिल घेऊन बसलेला असतो.

गोदामवाल्याचंच पाहा. छत जमिनीपासून किती उंचावर आहे, हा त्याचा पहिला प्रश्न असतो, कारण रॅकचे किती मजले चढतील हे त्यावर ठरतं. मग फरशी दर चौरस मीटरला किती टन वजन पेलते, चाळीस फुटी कंटेनर आवारात वळतो का, माल उतरवायला डॉक किती, वीज किती केव्हीए मंजूर आहे. अग्निशमन दलाचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हे तर मोठी कंपनी सगळ्यात आधी विचारते. दुकान घेणाऱ्याला दर्शनी रुंदी, पोटमाळा, पाटी लावायची जागा आणि गाडी उभी करायची सोय हवी असते. हॉटेलवाला धुरांड्याची वाट कुठून काढता येईल ते बघतो. या गोष्टी जागेच्या पानावर साध्या तक्त्यात लिहिल्या, तर निम्मे फोन वाचतात आणि उरलेले फोन कामाचे येतात.

भाड्याबद्दल सगळ्यात जास्त लपवाछपवी चालते. समजा, पुण्यात एका ऑफिसचं भाडं ८० रुपये चौरस फूट असं लिहिलं आहे. क्षेत्रफळ १,००० चौरस फूट, म्हणजे महिना ८०,०००. पण हे क्षेत्र सुपर बिल्टअप. प्रत्यक्ष वापरायला मिळणारा कार्पेट ६०० फूट. म्हणजे खरा दर झाला १३३ रुपये. त्यावर देखभालीचा खर्च १२ रुपयांनी १२,००० आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. महिन्याचा आकडा १,०८,५६० रुपयांवर जातो, म्हणजे कार्पेटच्या फुटाला जवळजवळ १८१ रुपये. ग्राहक हा हिशेब आज ना उद्या करणारच असतो. जी फर्म तो आधीच पानावर मांडते, डिपॉझिट आणि लॉक-इन (ठरलेल्या मुदतीआधी जागा न सोडण्याची अट) यांसकट, तिच्याबद्दल त्याचं मत पहिल्याच भेटीत चांगलं होतं. हा प्रामाणिकपणा जाहिरातीच्या कुठल्याही खर्चापेक्षा जास्त देऊन जातो.

विक्रीची जागा असेल तर कायदाही लक्ष ठेवून असतो. २०१६च्या रेरा कायद्याने ‘अपार्टमेंट’ या व्याख्येत ऑफिस, शोरूम, दुकान आणि गोदामही धरलं आहे. त्यामुळे नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पातल्या गाळ्याची जाहिरात महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, नोंदणी क्रमांकाशिवाय करता येत नाही, आणि असे गाळे विकून देणाऱ्या एजंटलाही नोंदणी घ्यावी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. मोबाइलने तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदलेली माहिती समोर येते. वेबसाइटवरची जाहिरात ही जाहिरातच असते. खोट्या मजकुरावर विसंबून कुणी पैसे गुंतवले आणि नुकसान झालं, तर भरपाईची तरतूद कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे.

वेबसाइट बांधण्याचं तांत्रिक काम आता फार अवघड राहिलेलं नाही. अडतं ते वजनावर. ड्रोनने काढलेले पाच-सहा एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवले, की रस्त्यात उभं राहून मोबाइलवर बघणाऱ्याचं पान उघडतच नाही. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असं गूगलचं माप आहे. फोटो हलके करणं हे तासाभराचं काम, पण ते करायला कुणी बसत नाही.

मग लोकांनी या वेबसाइटपर्यंत यायचं कसं? ‘पुण्यातील अग्रगण्य प्रॉपर्टी सल्लागार’ असं कुणी शोधत नाही. माणूस ‘बाणेर ऑफिस भाड्याने’ किंवा ‘चाकण गोडाऊन’ असं टाकतो. म्हणून प्रत्येक भागाचं वेगळं पान हवं, आणि त्यात त्या भागाची खरी माहिती हवी: चाकणहून तळेगावला जाणाऱ्या रस्त्यावर ट्रक कुठे तुंबतात, बाणेरच्या कुठल्या गल्लीत दुपारी पार्किंग मिळत नाही. हे रोज जागा दाखवणाऱ्या एजंटला तोंडपाठ असतं, आणि दुसऱ्या कुणाला ते लिहिता येत नाही. गूगलच्या नकाशावर फर्मची फुकट नोंद करून तिथे वेळ, फोन आणि फोटो अद्ययावत ठेवणं हा दुसरा सोपा मार्ग. जागांच्या जाहिरातींची पोर्टलंही आहेत: नाइन्टीनाइन एकर्स २००५ पासून आणि मॅजिकब्रिक्स २००६ पासून चालू आहेत. त्यांच्यावर जागा टाकाव्यातच. पण तिथे शेजारी वीस प्रतिस्पर्धी उभे असतात, तपशील वाचायला ग्राहक आपल्या पानावर यावा लागतो.

जागा भाड्याने गेली की ती त्याच दिवशी उतरवावी. गेलेल्या जागा ‘गिऱ्हाईक तर येतं’ म्हणून महिनोन्‌महिने ठेवणारे एजंट आहेत; अशा एका फोननंतर तो ग्राहक परत येत नाही.

आलेल्या चौकशीला उत्तर कधी जातं, यावर बाकी सगळं अवलंबून असतं. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ने २०११ मध्ये अमेरिकेतल्या २,२४१ कंपन्यांची पाहणी छापली होती. ऑनलाइन चौकशीला तासाभरात उत्तर देणाऱ्या कंपन्या ३७ टक्के निघाल्या. २३ टक्क्यांनी उत्तरच दिलं नाही. त्याच लेखातल्या दुसऱ्या एका अभ्यासात, तासाच्या आत संपर्क करणाऱ्यांचं निर्णय घेणाऱ्या माणसाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता, तासाभराने उशीर करणाऱ्यांच्या जवळजवळ सातपट होती.

आणखी एक ग्राहक वेबसाइटवाले विसरतात, तो म्हणजे जागेचा मालक. भिवंडीत गोदामांखालची कितीतरी जमीन काल्हेर, दापोडे, पूर्णा अशा गावांतल्या शेतकरी घराण्यांची आहे. कंपनीशी करार करताना भाडेवाढ किती वर्षांनी, लॉक-इन दोघांना बांधतो की एकालाच, दुरुस्ती कुणाच्या डोक्यावर, हे प्रश्न त्यांनाही पडतात. लीव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे, आणि ती करवून घेण्याची जबाबदारी १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ने मालकावर टाकली आहे. शिवाय एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपनीला जागा भाड्याने दिली, तर हा कायदा त्या जागेला लागू होत नाही. एवढं मराठीत समजावून सांगणारं एक पान ज्या फर्मच्या वेबसाइटवर असेल, तिच्याकडे गावातला माणूस आपली जागा घेऊन येईल. आणि नव्या जागा हातात असल्या, तरच चेन्नईच्या त्या कंपनीला दाखवायला काहीतरी असेल.