काटा मध्यावर येईस्तोवर

नांदेडला आमचं किराणा दुकान आहे. वडिलांच्या वेळचा पितळी पारड्यांचा ताजवा अजून गल्ल्यामागं टांगलेला आहे. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून त्याला काम नाही, पण काढून ठेवायला मन होत नाही. हे सांगायचं कारण असं, की गेल्या महिन्यात मी एक इलेक्ट्रिक गिटार दुरुस्त करायला बसलो आणि त्यातलं जे काही उमगलं ते या ताजव्यामुळंच उमगलं.

गिटार मुलाची. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून मीच घेऊन दिलेली, सेकंडहँड. पुढं तो अकरावीला लातूरला गेला. ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या आईबापांना वेगळं सांगायला नको. नीटच्या पहिल्या खेपेला मार्क कमी पडले, दुसरी खेप धरली, आणि मी सांगून टाकलं, ‘‘ॲडमिशन होईस्तोवर गिटारला हात लावायचा नाही.’’ तो काही बोलला नाही. गिटार मी माळ्यावर टाकली, वर पत्रे, त्यात आमच्याकडचा उन्हाळा. दिवाळीत तो घरी आला तेव्हा एक तार तुटलेली, बाकीच्यांना गंज. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली, ‘‘राहू द्या पप्पा’’ म्हणाला आणि होती तिथं ठेवली. लातूरला परतल्यावर फोनवर तीनच शब्द. हो, जेवलो, ठीक.

त्या ‘राहू द्या’नं माझी झोप उडाली. मी तारांचा संच आणला आणि दुकान बंद केल्यावर रात्री बसू लागलो.

साध्या गिटारची घोडी लाकडाला पक्की बसवलेली असते. या गिटारची घोडी तरंगती. दोन खुंटांवर पात्यासारख्या दोन धारांनी टेकलेली. आमच्या ताजव्याची दांडी जशी धारेवर डुलते, अगदी तशीच. एका बाजूनं सहा तारा ओढतात, दुसऱ्या बाजूनं गिटारच्या पाठीतल्या पोकळीत बसवलेल्या स्प्रिंगा. घोडीला एक दांडा असतो, तो दाबला की सगळे सूर एकदम खाली घसरतात, ओढला की चढतात. १९५४ साली लिओ फेंडरनं आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर अशी घोडी बसवली आणि तिला ‘ट्रेमोलो’ म्हटलं. खरं तर ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणं. इथं हलतो तो सूर. पण नाव चिकटलं ते चिकटलं. दांडा जोरात वापरला की तारा सुरातून उतरायच्या. दागिने घडवणाऱ्या फ्लॉइड रोझ नावाच्या अमेरिकन गिटारवादकानं यावर तोड काढली, तारा दोन्ही टोकांना कुलुपासारख्या आवळून टाकायची. १९७९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. एडी व्हॅन हेलननं ती वापरली आणि मग जगभर पसरली.

मला यातलं तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. पहिली तार लावली, सुरात आणली. दुसरी लावली तर पहिली उतरलेली. सहावीपर्यंत पोचलो तोवर घोडी मागून इतकी उचलली गेली, की वासरानं शेपूट वर करावं तशी दिसू लागली. चार रात्री हेच. बायको म्हणाली, ‘‘काहून जिवाला लावून घेता? एखाद्या दुकानात द्या.’’

शेवटी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक ओळखीचा पोरगा दुकानावर तेल घ्यायला आला, त्याला विचारलं. त्यानं तारांचं पाकीट पाहिलं आणि हसला. ‘‘काका, आधी नऊच्या तारा होत्या, तुम्ही दहाच्या आणल्या.’’ नऊ म्हणजे इंचाचा नऊ हजारांश, पहिल्या तारेची जाडी. नऊचा संच सुरात असताना सुमारे ३८ किलोनं ओढतो, दहाचा सुमारे ४६ किलोनं. जुन्या हिशेबात ४० शेरांचा पक्का मण ३७ किलोहून थोडा जास्त. म्हणजे त्या एवढ्याशा घोडीवर आधीच मणभर ओढ, आणि मी एका पारड्यात आणखी आठ किलो टाकून काटा का हलतो म्हणून डोकं धरून बसलेलो! वाण्याचा मुलगा असून.

मग रीत सुचली ती त्याचीच. तारा ढिल्या केल्या. घोडीच्या मागच्या कडेखाली आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून तिला गिटारच्या अंगाशी समपातळीत आणलं. पाठीमागं स्प्रिंगा ज्या पंजाला अडकवलेल्या असतात त्याचे दोन स्क्रू आवळले, म्हणजे घोडी काड्यांवर घट्ट बसली, हलेना. आता सहाही तारा निवांत सुरात आल्या, एकीमुळं दुसरी बिघडली नाही. त्यानंतर पंजाचे स्क्रू पाव पाव आटा सैल करत गेलो. करता करता एका क्षणी काड्या आपोआप सुटल्या आणि टेबलावर पडल्या. घोडी जागच्या जागी, सूर जागच्या जागी. काटा मध्यावर. रात्रीचे पावणेदोन वाजले होते आणि मी एकटाच हसत होतो.

मानेकडचं कुलूप ॲलन कीनं आवळलं, त्यानं सूर किंचित चढले. त्यासाठी घोडीवर सहा बारीक स्क्रू असतात. आपल्या तंबोऱ्याच्या घोडीखाली मणी सरकवून सूर नेमका करतात ना, काम तेच. २०१६ साली तहानलेल्या लातूरला रेल्वेनं पाणी मिरजेहून आलं होतं, तंबोरेही मिरजेचेच. मुलाला हे सांगायला हवं असं वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, त्याचा क्लास सुटण्याच्या वेळी फोन लावला. काही न बोलता तो टेबलावर ठेवला आणि सहाही तारा एकेक करून छेडल्या. पलीकडं रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज. बराच वेळ काही नाही.

‘‘पप्पा,’’ तो म्हणाला, ‘‘दुसरी थोडी खाली आहे. बी. मागचा बारीक स्क्रू फिरवा. नाही, उजवीकडं. हळू.’’