मसाला मुरतो म्हणजे काय होते?

कोंबडीच्या तुकड्यांना दही, आले-लसूण, हळद, तिखट, मीठ लावून आपण ते तीन-चार तास ठेवतो. मसाला आतपर्यंत मुरावा म्हणून, असे सांगितले जाते. तो खरोखर आत जातो काय?

वर्गात हे कोंबडीशिवायही पाहता येईल. उकडलेल्या बटाट्याच्या दोन सेंटिमीटर जाडीच्या फोडी हळद-मीठ घातलेल्या दह्यात रात्रभर शीतकपाटात ठेवाव्यात व सकाळी मधोमध कापाव्यात. पिवळा रंग कडेच्या पातळ थरातच दिसतो. मधला भाग मात्र खारट लागतो. मिठाचे आयन लहान आणि पाण्यात विरघळणारे असल्याने विसरणाने आत शिरतात. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मांसातही बरेचसे असेच घडते. मुरते ते मुख्यतः मीठ; मसाला बाहेरच राहतो, आणि जिभेला तेवढे पुरते!

स्नायूत सुमारे ७५ टक्के पाणी असते. शिजताना प्रथिने आवळतात व ते पिळून निघते. मिठामुळे प्रथिनांचे तंतू फुगून पाणी धरून ठेवतात, त्यामुळे कमी तेलातही तुकडा कोरडा पडत नाही. दह्यातील आम्लाचा परिणाम पृष्ठभागापुरताच. कच्च्या पपईतील पपेन प्रथिने तोडते, पण त्याचा जोर ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. म्हणजे त्याचे खरे काम भांडे तापू लागल्यावर सुरू होते. पपई जास्त झाली तर लगदाच हाती येतो.

भाज्यांच्या बाबतीत आम्ही बराच काळ चुकत होतो. गाजर, फरसबी त्याच दह्यात टाकायचो. गाजर कच्चे राहायचे आणि ते शिजेपर्यंत कोंबडी चिवट व्हायची. वनस्पतींच्या पेशी पेक्टिनने जोडलेल्या असतात. ते सैल व्हायला ८५ अंशांच्या वर तापमान लागते, आणि आम्लात ही क्रिया मंदावते. म्हणून भाज्या आधी थोड्या पाण्यात अर्ध्याकच्च्या वाफवाव्यात व मग कोंबडीत मिसळाव्यात. गाजरातील कॅरोटीन शरीरात शोषले जाण्यासाठी दोन चमचे तेल पुरे.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. उरलेले दही वाया जाऊ नये म्हणून एकदा आम्ही ते काकडी-टोमॅटोवर घातले. पुढचे दोन दिवस घरातील तिघे अंथरुणावर होते. जंतू कोणते ते तपासले नाही, पण कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर असू शकतात, आणि दही-हळदीने त्यांचा नायनाट होईल असे मानता येत नाही. तेव्हा मुरवण शीतकपाटातच ठेवावे, उरले तर उकळावे किंवा टाकून द्यावे. कोंबडीची सुरी व पाट कोशिंबिरीसाठी घेऊ नये. नळाखाली कोंबडी धुतल्यानेही जंतू शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात.

हळद-तिखटामुळे मांसाचा रंग पाहून अंदाज येत नाही. सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश तापमान व्हायला हवे. त्यासाठी प्रयोगशाळेतील पाऱ्याचा तापमापक मात्र भांड्यात घालू नये. धातूच्या दांडीचा, स्वयंपाकाचा वेगळा मिळतो.