विंग लावायची, पण किती? रेसिंग कारकडून शिकूया खर्चाचा हिशेब



साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पठारावर गेलात, तर पवनचक्कीचं पातं जरा निरखून बघा. पुढची कड गोल, मागची निमुळती, एक बाजू जास्त फुगीर. विमानाचा पंखही साधारण असाच असतो. तोच पंख उलटा करून फॉर्म्युला वनच्या गाडीला पुढे आणि मागे लावतात. त्याला म्हणतात विंग. विमानाचा पंख वर उचलतो, ही विंग गाडीला रस्त्यावर दाबते.

व्हिडिओत हे दोन मिनिटांत उरकलं होतं. आज नीट समजून घेऊ, कारण यात तुमच्या धंद्याचा हिशेब लपलाय.

दाब फुकट मिळत नाही

टायरवर भार जास्त, तर पकड जास्त. मग गाडीत वजनच भरलं तर? नाही चालत. उसाने भरलेली ट्रॉली वळणावर किती जपून घ्यावी लागते, हे सांगलीकरांना मी काय सांगायचं! विंग वजन फारसं न वाढवता दाब देते, म्हणून गाडी वळणावर वेगात जाते.

पण हीच विंग हवा अडवते आणि सरळ रस्त्यावर गाडीला मागे खेचते. म्हणून इटलीतल्या मोन्झाला, जिथे लांब सरळ पट्टे आहेत, टीम पातळ विंग लावतात. मोनॅकोच्या अरुंद, वळणावळणांच्या रस्त्यांवर मोठी विंग लावतात. ट्रॅक बदलला की विंग बदलली. ‘सगळ्यात भारी विंग कोणती?’ हा प्रश्नच चुकीचा आहे.

नजर विंगवर, कमाल तळाची

1978 मध्ये लोटस 79 या गाडीने तळाला असा आकार दिला, की खालून वेगाने जाणारी हवा गाडीला रस्त्याकडे ओढून घेई. विंगच्या मानाने हा दाब बराच स्वस्तात मिळायचा, हवेचा विरोध फारसा वाढायचा नाही. त्या वर्षी लोटसचा मारिओ आंद्रेत्ती विश्वविजेता झाला. धंद्यातही तसंच आहे. बोर्ड सगळ्यांना दिसतो. उधारीची वसुली, मालाची मांडणी, वेळेवर डिलिव्हरी हा तळ. तो कुणाला दिसत नाही, पण पकड तिथूनच येते.

तुमचा वेग किती?

आता मुख्य मुद्दा. विंगचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट. उलटही खरं आहे. ताशी 200 किलोमीटरला जेवढा दाब मिळतो, त्याचा फक्त सोळावा भाग 50 ला मिळतो. हवेचा विरोधही तसाच कमी होतो, पण विंगचं वजन आणि ती बनवायचा खर्च? तो तेवढाच राहतो!

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची फॉर्म्युला भारत ही स्पर्धा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होते. अशा स्पर्धांचा ट्रॅक मुद्दाम वळणांचा आखतात, सरासरी वेग 50-60 च्या घरात राहतो. तिथे विंग लावावी का? वळणं खूप असल्यामुळे काही टीम मोठी विंग लावतात, काही अजिबात लावत नाहीत. पण जे केलं ते का केलं, हे परीक्षकांना आकड्यांत पटवून द्यावं लागतं. 1000 पैकी 150 गुण डिझाइनला, 100 खर्चाला आणि 75 चक्क बिझनेस प्लॅनला असतात. म्हणजे गाडी ट्रॅकवर पळायच्या आधीच 325 गुणांचा निकाल लागतो.

माझी मोठी विंग

खरं सांगतो, सुरुवातीला मी साताऱ्यात मेन रोडवर ऑफिस घेतलं. काचेची केबिन, एसी, दोन माणसं पगारावर. बॅचला येणारे मात्र महिन्याला बारा-पंधरा. लोक म्हणायचे, ‘सर, ऑफिस एक नंबर!’ अकरा महिन्यांत डिपॉझिट संपलं आणि बायकोचे दागिने गहाण पडले. ऑफिस वाईट नव्हतं. माझा वेग 50 चा होता आणि विंग 200 ची होती. भाडं काही माझा वेग बघून कमी होणार नव्हतं. मग मी सांगलीत दिवसाच्या भाड्याने हॉल घेऊन बॅच सुरू केल्या. बॅच असेल त्या दिवशीच भाडं. दागिने सुटायला दोन वर्षं लागली.

आजचा गृहपाठ

वही घ्या आणि दर महिन्याचा प्रत्येक ठरलेला खर्च लिहा. प्रत्येकापुढे तीन उत्तरं लिहा:

1. या खर्चाने गिऱ्हाईक टिकतं का, की नुसती शोभा वाढते?
2. माझ्या आजच्या विक्रीला तो परवडतो का? पुढच्या वर्षीच्या स्वप्नातल्या विक्रीला नाही, आजच्या!
3. हेच काम तळातून, म्हणजे आतली शिस्त सुधारून, स्वस्तात होईल का?

मोठी विंग कधीच लावू नका, असं मी म्हणत नाही. वेग वाढला की जरूर लावा. तोवर कुणी ‘दुकान छोटं दिसतंय’ म्हणालं, तर हसून चहा पाजा आणि पुढच्या वळणाकडे बघा.

भेटू पुढच्या भागात!