स्त्रीत्वदायी उपचार आणि रक्तातील संप्रेरके

मानवी शरीरातील काही ग्रंथींचा स्राव नलिकेवाटे बाहेर न पडता सरळ रक्तात मिसळतो. अशा स्रावांतील क्रियाशील द्रव्यांना संप्रेरके किंवा हॉर्मोन म्हणतात. हॉर्मोन हे नाव इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली रूढ केले. संप्रेरकाची मात्रा अत्यल्प, परंतु परिणाम दूरगामी असतो. म्हणून ते बाहेरून देताना किती दिले, यापेक्षा रक्तात किती व कोणत्या रूपाने पोहोचले, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते. पारलिंगी स्त्रियांवरील उपचारांचा अनुभव हेच सांगतो.

उपचाराचे स्वरूप

जन्मसमयी पुरुष म्हणून नोंद झालेल्या, परंतु स्वतःस स्त्री म्हणून जाणणाऱ्या व्यक्तींना पारलिंगी स्त्रिया म्हणतात. त्यांपैकी अनेकजणी शरीर त्या जाणिवेशी जुळावे म्हणून उपचार घेतात. त्यात एस्ट्राडायॉल हे स्त्री-संप्रेरक दिले जाते आणि टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकाचे कार्य रोखणारे औषध बहुधा त्याच्या जोडीस असते. स्तनांची वाढ तीन ते सहा महिन्यांत सुरू होते व ती पूर्ण होण्यास दोन ते तीन वर्षे लागतात. त्वचा मऊ होते, स्नायू घटतात, मेदाची ठेवण बदलते. मात्र फुटलेला आवाज पूर्ववत होत नाही व दाढी नाहीशी होत नाही. प्रजननक्षमता कायमची जाण्याचा संभव असल्याने त्याचा विचार उपचारापूर्वीच करावा लागतो.

योग्य पातळी

अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ सालच्या मार्गदर्शिकेत एस्ट्राडायॉलची पातळी दर मिलिलिटर रक्तद्रवात १०० ते २०० पिकोग्रॅम राखावी, असे सांगितले आहे. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लक्षकोटीवा भाग होय. टेस्टोस्टेरॉन दर १०० मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमहून कमी असावे. प्रौढ पुरुषात ते साधारणतः ३०० ते १,००० असते. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी व पुढे वर्षातून एकदोनदा रक्त तपासावे लागते. पातळी या मर्यादेपलीकडे नेल्याने स्त्रीत्वाची लक्षणे लवकर उमटतात, ही समजूत निराधार आहे. धोका मात्र वाढतो.

रूप व मार्ग

पूर्वी या उपचारात एथिनिल-एस्ट्राडायॉल हे कृत्रिम द्रव्य सर्रास वापरले जाई. ते १९३८ साली बर्लिन येथे तयार करण्यात आले. नैसर्गिक एस्ट्राडायॉलचे यकृतात त्वरित रूपांतर होते. हे कृत्रिम द्रव्य मात्र तेथे दीर्घकाळ टिकते आणि रक्त गोठविणाऱ्या घटकांचा समतोल बिघडविते. शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात अडकल्यास प्राणावर बेतते. ॲमस्टरडॅम येथील चिकित्सकांनी १९८९ साली अशा गुठळ्यांचे प्रमाण अपेक्षेच्या ४५ पट, तर १९९७ साली २० पट आढळल्याचे नमूद केले. चाळिशी उलटलेल्या स्त्रियांना त्वचेवाटे शोषले जाणारे एस्ट्राडायॉल देऊ लागल्यावर हा विकार विरळ झाला. त्वचेवाटे गेलेले संप्रेरक प्रथम यकृतातून न जाता थेट रक्तात मिसळते, हे त्याचे कारण होय.

भारतात या माहितीस विशेष महत्त्व आहे. वैद्यकीय साहाय्य न लाभलेल्या अनेक पारलिंगी स्त्रिया दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून आपल्या अंदाजाने घेतात. या गोळ्यांत बहुधा तेच एथिनिल-एस्ट्राडायॉल असते. शिवाय एस्ट्राडायॉलच्या नेहमीच्या रक्तपरीक्षेत ते मोजले जात नाही. त्यामुळे अहवालातील आकडा अल्प दिसतो, अधिक गोळ्या घेण्याचा मोह होतो आणि गुठळीची भीती वाढत जाते. त्यात धूम्रपानाची भर पडल्यास धोका आणखी बळावतो.

इतर अवयवांची काळजी

हाडांची बळकटी लिंग-संप्रेरकांवर अवलंबून असते. वृषण काढल्यानंतर एस्ट्राडायॉल बंद केल्यास हाडे ठिसूळ होतात. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांच्या रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. सायप्रोटेरोन दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास मेंदूच्या आवरणावर गाठ येण्याचा धोका असतो. त्यामुळे युरोपात २०२० साली त्याच्या वापरावर निर्बंध आले. नेदरलँड्समध्ये २,२६० पारलिंगी स्त्रियांच्या पाहणीत १५ जणींना स्तनांचा कर्करोग झाल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. हे प्रमाण पुरुषांहून बरेच अधिक, परंतु इतर स्त्रियांहून कमी होते. म्हणून स्तनांची तपासणी त्यांनीही टाळू नये.

योग्य द्रव्य, योग्य मार्ग व नियमित रक्तपरीक्षा या तीन गोष्टी सांभाळल्यास यांतील बहुतेक धोके आटोक्यात ठेवता येतात. पायाला एकाएकी सूज येणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे आणि आपण कोणते संप्रेरक घेत आहो, हे तेथे निःसंकोच सांगावे. हे सांगण्याचा संकोच वाटू नये असे वर्तन ठेवणे, हे चिकित्सकाचे कर्तव्य होय.