पगारी सेवकाचे कर्तव्यपत्रक कसे लिहावे?

मुळशी तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात भात हे खरिपाचे मुख्य पीक होय. आंबेमोहोराबरोबरच वडगाव मावळ येथील संशोधन केंद्राने १९८७ साली प्रसारित केलेला इंद्रायणी हा वाणही तेथे आवडीने लावला जातो. भात एकत्र साठवावे, भरडावे व विकावे या हेतूने शेतकरी उत्पादक कंपन्या स्थापन होऊ लागल्या, तेव्हा एक नवी गरज पुढे आली. घरची माणसे जे काम न सांगता करीत असत, ते आता पगारी सेवकाकडून करून घ्यावयाचे असते. ते काम नेमके कोणते, हे नेमणुकीपूर्वी लिहून ठेवणे म्हणजेच कर्तव्यपत्रक तयार करणे होय. शासकीय कचेऱ्यांत यालाच जॉबचार्ट म्हणतात.

न लिहिलेल्या कामाचा भार

काम लिहिलेले नसले की त्याचा भार दुबळ्यावर पडतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. महार वतनात कामाला सीमा नव्हती व वेळही ठरलेली नव्हती. वतनदार हजर नसेल तर घरातील दुसऱ्यास राबावे लागे. ही स्थिती पालटावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. आजच्या पगारी सेवकालाही ‘पडेल ते काम’ या अटीवर नेमणे इष्ट नाही, ते याच कारणाने.

कायद्यातील नमुना

उत्पादक कंपनीस पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणे कायद्याने आवश्यक आहे व तो सभासदांपैकी नसावा असे बंधन आहे. कंपनी कायदा, २०१३ मध्ये त्याची कामे एकेक करून दिली आहेत : दैनंदिन कारभार पाहणे, रोकड व मालमत्ता सुरक्षित ठेवणे, हिशेबाच्या वह्या नीट राखणे, तपासलेले हिशेब संचालक मंडळापुढे व वार्षिक सभेपुढे ठेवणे, सभासदांना वेळोवेळी माहिती देणे इत्यादी. प्रत्येक वाक्यात एक काम आहे आणि ते झाले की नाही हे पाहता येते. गोदामपाल, हिशेबनीस, गिरणीचालक यांची पत्रकेही याच धर्तीवर लिहावीत.

लिहिण्याची रीत

एखाद्या कंपनीस भातासाठी गोदामपाल नेमावयाचा आहे असे समजू. पत्रकात पुढील गोष्टी याव्यात.

१. पदाचा हेतू : ‘सभासदांनी आणलेले भात मोजून घेणे, वाणवार सांभाळणे व विक्रीस देणे.’ हेतू एका वाक्यात सांगता येत नसेल, तर पदाची गरज पुन्हा तपासावी.

२. कामे : ‘गोदामाची देखभाल करणे’ एवढे लिहून भागत नाही. त्याऐवजी असे लिहावे : प्रत्येक गोणी सभासदासमक्ष तोलावी, ओलावा यंत्राने मोजावा, पावती त्याच दिवशी द्यावी, इंद्रायणी व आंबेमोहोर यांच्या थप्प्या वेगळ्या, भिंतीपासून दूर व लाकडी फळ्यांवर रचाव्यात, महिनाअखेर गोण्या मोजून साठा नोंदवहीशी ताडून पाहावा.

३. अधिकार : साठवणीच्या भातात ओलावा शेकडा १४ हून अधिक नसावा. तो राखण्याची जबाबदारी गोदामपालावर टाकली, तर ओले भात परत करण्याचा अधिकारही त्यास लेखी द्यावा. एरवी एखादा संचालक आपले ओले भात आत ठेववील आणि बुरशी लागल्यावर दोष मात्र सेवकाच्या माथी येईल.

४. कोणास जबाबदार : सेवकास हुकूम देणारा एकच असावा. दहा संचालकांनी दहा कामे सांगितली तर कोणतेच धड होत नाही.

५. वेळ व वेतन : कापणीनंतरच्या धांदलीचे दिवस, साप्ताहिक सुटी, जादा कामाचा मोबदला व पगाराची तारीख स्पष्ट लिहावी. वेतन शासनाने ठरविलेल्या किमान दराहून कमी नसावे.

६. पात्रता : ही सर्वांत शेवटी लिहावी, कारण ती कामावरून ठरते. पावती लिहिणे, बेरीज करणे व यंत्र वाचणे एवढेच काम असेल तर पदवीची अट घालण्याचे प्रयोजन नाही. गोणी उचलणे हे हमालाचे काम, मोजणे व लिहिणे हे गोदामपालाचे. हा भेद लक्षात घेतला की ‘पुरुष उमेदवार पाहिजे’ ही अटही गळून पडते आणि गावातील शिकलेल्या मुलीस संधी मिळते. स्त्री असो वा पुरुष, समान कामास समान वेतन हे तत्त्व संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये सांगितले आहे.

‘होतकरू, प्रामाणिक व मेहनती माणूस पाहिजे’ अशा जाहिराती पुष्कळ दिसतात. प्रामाणिक नाही असे कोणताच उमेदवार म्हणत नाही. म्हणून अशा शब्दांनी निवडीस काहीच साह्य होत नाही. मात्र ‘महिनाअखेर साठा नोंदवहीशी जुळला पाहिजे’ या वाक्याने प्रामाणिकपणाची कसोटी आपोआप लागते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पत्रकाचा मसुदा संचालकांच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. ऐकणाऱ्यांना एखाद्या वाक्याचे दोन अर्थ वाटले तर ते वाक्य बदलावे. पद पूर्वीपासून असेल तर ते काम करणाऱ्या सेवकाचेही म्हणणे ऐकावे. त्याची निम्मी कामे संचालकांस ठाऊकच नसतात, असे पुष्कळदा आढळते. पत्रकाच्या दोन प्रती करून दोन्हींवर उभयतांच्या सह्या घ्याव्यात व एक प्रत सेवकास द्यावी. एक हंगाम उलटल्यावर पत्रक पुन्हा वाचावे. जी कामे वाढली असतील ती लिहावीत, जी उरली नसतील ती खोडावीत, आणि कामे वाढली असल्यास वेतनाचाही त्याच बैठकीत विचार करावा.