सदिशांचा मध्यबिंदू कसा काढतात?

रीत सोपी आहे. प्रत्येक घटकाची वेगळी बेरीज करा आणि सदिशांच्या संख्येने भागा. (२, ३), (४, ७) आणि (९, २) यांची बेरीज (१५, १२). ३ ने भागले की मध्य (५, ४). या बिंदूपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी भरते. त्यामुळेच टोकाचा एखादा बिंदू त्याला स्वतःकडे ओढतो: ९ च्या जागी ९९ लिहा, मध्य (३५, ४) वर जाईल.

अमेरिकेचे जनगणना खाते प्रत्येक माणसाला सारखे वजन देऊन देशाचा लोकसंख्या-मध्य काढते. १७९० मध्ये तो मेरीलँडमधल्या केंट काउंटीत होता, २०२० मध्ये मिसुरीतल्या हार्टव्हिलजवळ. वस्ती पश्चिमेकडे सरकल्याचे इतके बोलके चित्र क्वचितच सापडते.

रेखांशांची मात्र थेट सरासरी घेऊ नका. फिजीची बेटे १८० अंशांच्या दोन्ही बाजूंना पसरली आहेत. १७९ अंश पूर्व आणि १७९ अंश पश्चिम यांची सरासरी शून्य येते. म्हणजे ग्रिनिचचे रेखावृत्त, पृथ्वीची पार दुसरी बाजू! अशा वेळी पृथ्वीच्या केंद्रापासून प्रत्येक ठिकाणापर्यंतचा त्रिमितीय सदिश घ्यावा, त्यांची सरासरी काढावी आणि ती ज्या दिशेला जाते तिकडे पृष्ठभागावर खूण करावी.