सुट्टीचं पाणी पुरवून वापरूया!

दोस्तांनो, दिवाळीची सुट्टी लागली की घरात कशी गडबड उडते ना! पहाटेचं अभ्यंगस्नान, मातीचा किल्ला, फराळ, पाहुणे आणि रात्री फटाके. पण तुमच्याच वर्गात एखाद्याला दमा असतो. एखादीला मधुमेह असतो आणि तिला रोज इन्शुलिन घ्यावं लागतं. कुणाचे सांधे सुजतात, तर कुणाला थॅलेसिमियामुळे दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. या मुलांनाही दिवाळीची मजा हवीच असते. फक्त त्यांच्याकडची शक्ती मोजकी असते. मग ती पुरवायची कशी?

वारज्याच्या मुलांना याचं उत्तर चटकन समजेल. वारज्याच्या कडेनं मुठा नदी वाहते, तिच्यावर पुढे खडकवासला धरण आहे आणि वारज्यात जलशुद्धीकरण केंद्रही आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून साधारण २९ टीएमसी पाणी मावतं. (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, बरं का!) पावसाळा संपला की बैठक होते. पिण्याला किती, शेतीला किती, आणि पुढच्या पावसापर्यंत शिल्लक किती, हे ठरवावं लागतं. सगळं पाणी दिवाळीतच सोडलं तर मे महिन्यात नळ कोरडे!

शरीराचंही तसंच आहे. ल्युपस हा आजार असलेल्या अमेरिकेतल्या क्रिस्टीन मिसेरँडिनो यांनी एकदा आपली शक्ती मैत्रिणीला चमचे मोजून समजावली होती. प्रत्येक कामाला एक चमचा जातो, आणि चमचे संपले की दिवस संपला! आपण पाण्याचे तांबे मोजू. समजा, दिवसाला दहा तांबे मिळाले. पहाटे उठून अंघोळीला दोन गेले, किल्ल्याला तीन, पाहुण्यांत बसायला दोन. उरले तीन. संध्याकाळी मित्रांकडे जायचं असेल तर दुपारी झोप काढायलाच हवी. आणि आज दहाच्या दहा तांबे ओतले, तर भाऊबीज अंथरुणात जायची! म्हणून आदल्या रात्रीच ठरवायचं, की उद्याची सगळ्यात लाडकी गोष्ट कोणती? तिचे तांबे आधी बाजूला काढायचे.

आता एक छुपी गळती सांगतो. ती असते आठवणीची.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याचंही फुटलं आणि पुण्यात हाहाकार उडाला. तो पूर पाहिलेल्या एखाद्या आजीला विचारा. नदीला पाणी वाढल्याची नुसती बातमी आली, तरी जुन्या माणसांच्या काळजात धस्स होतं. पूर केव्हाच ओसरला, पण शरीर तो विसरत नाही.

ज्या मुलानं दवाखान्यात अवघड दिवस काढले, त्याचंही असंच होतं. स्पिरिटचा वास आला, रुग्णवाहिकेचा आवाज आला किंवा फटाक्याचा धूर नाकात गेला, की छाती धडधडते, हात गार पडतात. गेल्या दिवाळीत दवाखान्यात राहावं लागलं असेल, तर आकाशकंदील पाहूनसुद्धा पोटात गोळा येतो. आपल्या मेंदूत बदामाएवढा एक भाग आहे. तो धोक्याची घंटा वाजवतो आणि विचार करायच्या आधीच वाजवतो. म्हणून ते मूल भित्रं नसतं, की नाटकही करत नसतं. मात्र या घंटेपायी दोन-तीन तांबे सांडतात. तेही हिशेबात धरायचे!

घंटा वाजली तर काय करायचं?

पहिलं म्हणजे आजार तपासायचा. साखर कमी झाली तरी घाम येतो आणि हात थरथरतात, अगदी भीतीसारखेच! म्हणून मधुमेह असेल तर आधी साखर मोजायची. दमा असेल आणि श्वास अडकत असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेला पंप लगेच घ्यायचा आणि मोठ्यांना हाक मारायची.

सगळं ठीक असेल तर पाय जमिनीवर टेकवून बसा. श्वास सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. मग दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्शाच्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास आणि एक चव ओळखा. मेंदूला कळतं, "अरे, आपण तर घरीच आहोत!"

मित्रांनो, तुमचं कामही सोपं आहे. "चल ना, एवढ्यानं काय होतंय?" असं म्हणू नका. "आज किती तांबे उरलेत?" असं विचारा. बसून खेळायचा डाव मांडा. सुतळी बॉम्ब लावायच्या आधी शेजारच्या दारात सांगून या.

आई-बाबांसाठी चार शब्द

सुट्टीतही औषधांच्या वेळा त्याच ठेवा. दवाखाने बंद असतात, म्हणून औषधं आधीच भरून ठेवा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली होती. त्या सुमारास दम्याच्या मुलाला खिडक्या लावून आत बसवता येईल. पाहुण्यांसमोर मुलाच्या आजाराची कहाणी पुन्हा पुन्हा सांगू नका, कारण तीही आठवण जागी करते. भीती, वाईट स्वप्नं कित्येक आठवडे टिकली तर डॉक्टरांशी बोला. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.

चला तर, यंदा किल्ल्याशेजारी एक छोटं धरणही बांधा. आणि त्यातलं पाणी भाऊबीजेपर्यंत पुरवून दाखवा!